ॲपवर एका टॅपमध्ये मूळ हिब्रू शब्द दिसतो, पंडिता रमाबाईंनी त्याच कामात आयुष्याची शेवटची वर्षं घातली

आज जालन्यात बसून कुणी मोबाईलवर बायबलचं ॲप उघडलं, एखाद्या शब्दावर बोट ठेवलं, की मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ आणि तो आणखी कुठे कुठे आलाय याची यादी समोर येते. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकातच बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारली होती, त्यामुळे मराठी बायबल वाचणं या भागाला नवीन नाही.

ॲपमधल्या या शोधामागे बऱ्याचदा १८९० सालचं एक जाडजूड पुस्तक असतं. अमेरिकेच्या जेम्स स्ट्राँग यांनी बायबलमधल्या शब्दांची सूची केली आणि प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिला. सॉफ्टवेअर आजही तेच क्रमांक वापरतं. उदाहरणार्थ हिब्रूतला 'नेफेश'. तो जुन्या करारात सातशेहून जास्त वेळा येतो आणि कुठे जीव, कुठे माणूस, तर कुठे चक्क गळा असा अर्थ देतो. मराठीत कुठे काय लिहायचं, हे सगळ्या जागा ताडून पाहिल्याशिवाय ठरत नाही.

हे ताडून पाहण्याचं काम पंडिता रमाबाईंनी कॉम्प्युटरशिवाय केलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. आई लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं. पुराणांचे हजारो श्लोक रमाबाईंना तोंडपाठ होते, म्हणजे शोधाचं यंत्र डोक्यातच होतं म्हणा ना. दुष्काळात आईवडील गेले. भाऊ श्रीनिवाससोबत त्या पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे लग्न, दोन वर्षांच्या आत वैधव्य, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथेच ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुण्याला हललं. धर्मांतराच्या संशयावरून पुण्यात मोठं वादळ उठलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना घेऊन त्या केडगावच्या मुक्ती सदनात स्थिरावल्या.

मराठी बायबल तेव्हा नव्हतं असं नाही. विल्यम केरींनी नवा करार १८११ मध्येच छापला होता, नंतरही भाषांतरं झाली. रमाबाईंची तक्रार भाषेची होती. शब्द संस्कृताळलेले, मुक्तीतल्या खेड्यातल्या बायकांना न कळणारे. गंमत बघा, संस्कृतसाठीच पंडिता म्हणवल्या गेलेल्या बाईंनी संस्कृत शब्द टाळायचं ठरवलं! वैदिक, पौराणिक कल्पना चिकटलेले शब्द तर त्यांना बायबलमध्ये नकोच होते.

१९०४ च्या सुमारास त्यांनी काम हाती घेतलं. हिब्रू, ग्रीक मूळ पाठ, कोश आणि व्याकरणं समोर ठेवून ओळ न् ओळ. हिब्रूचं व्याकरणही त्यांनी मराठीत तयार केलं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात व्हायची आणि खिळे जुळवायला तिथल्याच मुली. आश्रमाचा कारभार होताच, त्यात ऐकू येणंही कमी झालं होतं. कागदावरचं काम मात्र थांबलं नाही.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. आश्रम पुढे जिच्या हाती द्यायचा, तीच गेली. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. मूळ शब्दांना घट्ट धरून चालणारं हे भाषांतर चर्चमध्ये फारसं रुळलं नाही, तिथे बायबल सोसायटीचीच प्रत चालू राहिली.