मशीन स्वस्त, कमाई कॅसेटवर! निन्टेंडोच्या हिरोशी यामाउचींनी गेमच्या धंद्याचं गणित असं बसवलं

अमुक कन्सोल इतके कोटी विकला गेला, तमुक गेमने विक्रम मोडला, अशा पोस्ट रोज फिरत असतात. पण विक्री जास्त म्हणजे नफाही जास्त, असं असतं का? हे समजून घ्यायचं तर जपानच्या क्योटो शहरातल्या हिरोशी यामाउची यांची गोष्ट बघायला हवी.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९२७ चा. त्यांच्या पणजोबांनी १८८९ मध्ये निन्टेंडो सुरू केली ती पत्ते बनवण्यासाठी. हिरोशी लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आजी-आजोबांनी वाढवलं. १९४९ मध्ये आजोबा आजारी पडले आणि शिक्षण अर्धवट टाकून हा तरुण कंपनीचा प्रमुख झाला. कामगारांनी संप केला, तेव्हा विरोध करणाऱ्यांना त्याने सरळ घरी पाठवलं.

१९५९ मध्ये यामाउचींनी डिस्नेशी करार करून पत्त्यांवर मिकी माऊस छापला. पत्ते तेच, चित्र बदललं आणि घराघरांतली मुलं गिऱ्हाईक झाली. पुढे पत्त्यांचा खप घसरला. मग टॅक्सी, झटपट भात असे बरेच उद्योग करून झाले, पण जम बसला नाही. शेवटी खेळण्यांमधून कंपनी व्हिडिओ गेमकडे वळली.

१५ जुलै १९८३ ला निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानच्या बाजारात आला. किंमत १४,८०० येन. यामाउचींचा आग्रह होता की मशीन स्वस्तच हवं, कारण खरी कमाई त्यावर चालणाऱ्या गेममधून होणार होती. १९८५ मध्ये आलेल्या सुपर मारिओ ब्रदर्सची कॅसेट होती ४,९०० येनची. म्हणजे अशा तीन कॅसेट घेतल्या की जवळपास मशीनएवढे पैसे झाले!

त्याच काळात अमेरिकेत अटारीचं दिवाळं वाजत होतं. अटारीने ईटी सिनेमावरच्या गेमच्या लाखो कॅसेट बनवल्या. त्यातल्या बऱ्याच खपल्याच नाहीत. काही माल तर १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोत जमिनीत पुरावा लागला. बनवलेला माल आणि विकलेला माल यांत किती फरक असतो, ते सगळ्या जगाने पाहिलं.

यामाउचींच्या निन्टेंडोने मग कडक नियम केले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मशीनमध्ये अशी चिप टाकली की परवानगी नसलेली कॅसेट चालायचीच नाही. बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेम काढता येत. कॅसेट निन्टेंडोच बनवून देणार आणि पैसे आगाऊ घेणार. गेम पडला तर नुकसान त्या कंपनीचं, निन्टेंडोचे पैसे आधीच वसूल. या दादागिरीवरून अमेरिकेत कोर्टकचेऱ्याही झाल्या.

आता आकडे बघू. हे मशीन जगभरात सुमारे ६ कोटी १९ लाख गेलं आणि त्याचे गेम सुमारे ५० कोटी. म्हणजे एका मशीनमागे साधारण ८ गेम. पण इथेही मेख आहे. सुपर मारिओच्या ४ कोटींहून जास्त प्रती गेल्या, मात्र त्यातल्या पुष्कळ अमेरिकेत मशीनसोबतच मिळाल्या होत्या. शिवाय कंपनी असे आकडे देते ते दुकानांकडे पाठवलेल्या मालाचे.

आणि आपल्याकडे ९० च्या दशकात घरोघरी चालणारी ती पिवळी कॅसेट आठवते? ती मशीन बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांचा हिशोब या ६ कोटींत नाही आणि त्यातला एक रुपयाही यामाउचींना मिळाला नाही.

पुढे हेच गणित त्यांच्यावर उलटलं. १९९६ च्या निन्टेंडो ६४ मध्येही यामाउची कॅसेटवरच अडून राहिले. सोनीच्या प्लेस्टेशनची सीडी बनवायला स्वस्त होती आणि तिच्यात माहितीही जास्त मावायची. स्क्वेअर कंपनी फायनल फँटसीचा सातवा भाग घेऊन सोनीकडे गेली. प्लेस्टेशन १० कोटींच्या वर विकला गेला, निन्टेंडो ६४ मात्र ३ कोटी २९ लाखांवर थांबला.

त्यानंतर २००१ मध्ये आलेला गेमक्यूब तर फक्त २ कोटी १७ लाख गेला. पण त्याचे गेम गेले २० कोटींहून जास्त, म्हणजे मशीनमागे ९ पेक्षा जास्त! मग तो जुन्या मशीनपेक्षा यशस्वी म्हणायचा का? नाही. गिऱ्हाईक एकतृतीयांश उरले होते आणि गेम बनवायचा खर्च मात्र कितीतरी वाढला होता. मोजक्या हौशी लोकांनी भरपूर गेम घेतले की सरासरी चांगली दिसते, गल्ला मात्र तेवढा भरत नाही.

२००२ मध्ये, ५० हून जास्त वर्षांनी, यामाउची पायउतार झाले. खुर्ची दिली ती घरातल्या कुणाला नाही, तर गेम लिहिणाऱ्या सातोरू इवाता यांना. १९ सप्टेंबर २०१३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी यामाउचींचं निधन झालं.

तेव्हा पुढच्या वेळी "इतके कोटी विकले" अशी पोस्ट दिसली, की फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. माल दुकानात गेला की घरात? गेम विकत घेतला की मशीनसोबत आला? आणि त्यातले पैसे नेमके कुणाच्या खिशात गेले?