कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

बीडकरांच्या नित्य परिचयाच्या बार्शीस कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित 1882 पासून सात वर्षे इंग्रजी शाळेत शिक्षक होते, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. दापोलीकडील मुरुड येथे 1853 साली जन्मलेले दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून मराठी शाळेचे मास्तर झाले. पदवी त्यांजपाशी नव्हती. 1889 मध्ये धुळ्यास व 1894 मध्ये पुण्यास भावी प्राथमिक शिक्षकांना शिकविण्याचे काम त्यांजकडे आले. सृष्टिज्ञान मराठीतून द्यावयाचे, तर तशी पुस्तके हवीत. 'सृष्टचमत्कार' व 'ज्योतिर्विलास' त्यांनी स्वतःच लिहिली. आमच्या घरांतील जी मुलेमुली आज अध्यापनाचा अभ्यासक्रम करीत आहेत, त्यांनी 'ज्योतिर्विलास' घेऊन एकदा रात्री अंगणात उभे राहावे. पाठ कसा द्यावा ते तेथेच कळते. कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवतात, या शतपथब्राह्मणातील एवढ्याशा उल्लेखावरून गणित मांडून त्यांनी तो काळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा ठरविला. 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा त्यांचा थोर ग्रंथ 1896 मध्ये निघाला. 1898 च्या एप्रिलात, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. तेव्हाही ते ट्रेनिंग कॉलेजातील असिस्टंट मास्तरच होते.