अर्धवट मेजवानीचा दिग्दर्शक

एका श्रीमंत घरातील मेजवानी. जेवणे उरकतात, गप्पा रंगतात, निरोपाची वेळ होते; पण दिवाणखान्याची वाट मोकळी असूनही एकाही पाहुण्याला बाहेर पाऊल टाकता येत नाही. रात्र सरते, दिवस उलटतात, अन्नपाणी संपते आणि उंची पोशाखांतील सभ्यता हळूहळू गळून पडते. असे का झाले, याचे उत्तर चित्रपट संपला तरी मिळत नाही. ‘द एक्स्टर्मिनेटिंग एंजल’ (१९६२) या चित्रपटाची ही कथा. ती पाहताना प्रेक्षक आधी हसतो, मग अस्वस्थ होतो आणि अखेर आपण हसलो कशाला, असा प्रश्न स्वतःला विचारू लागतो. प्रेक्षकाला या प्रश्नापाशी आणून सोडणे हेच लुई बुन्युएल या दिग्दर्शकाचे आयुष्यभराचे काम होते.

स्पेनमधील कालांदा या गावी २२ फेब्रुवारी १९०० रोजी एका सधन जमीनदार कुटुंबात बुन्युएलचा जन्म झाला. शिक्षण झाले सारागोसा येथील जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत. धर्मावरील त्याची श्रद्धा कुमारवयातच उडाली; पण धर्माने मनावर उमटवलेल्या प्रतिमा कधीच पुसल्या गेल्या नाहीत. गुड फ्रायडेला कालांदात अहोरात्र घुमणारे ढोल पुढे त्याच्या अनेक चित्रपटांत ऐकू आले.

१९१७ मध्ये तो माद्रिदला आला. तेथील विद्यार्थी निवासात चित्रकार साल्वादोर दाली आणि कवी फेदेरिको गार्सिया लोर्का हे मित्र त्याला लाभले. दालीसोबत लिहिलेला आणि आईने दिलेल्या पैशांतून पॅरिसमध्ये साकारलेला ‘अँ शिअँ आंदालू’ (१९२९) हा लघुपट आजही अंगावर येतो. ज्याचे तर्कशुद्ध स्पष्टीकरण देता येईल असे एकही दृश्य ठेवायचे नाही, असा दोघांचा नियम होता. पहिल्या खेळाला प्रेक्षक अंगावर धावून येतील, या धास्तीने बुन्युएलने खिशात दगड भरून ठेवले होते. प्रत्यक्षात टाळ्या पडल्या. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘लाज दॉर’ला मात्र पॅरिसमधील उजव्या गटांनी चित्रपटगृहात धुडगूस घालून उत्तर दिले आणि पोलिसांनी चित्रपटावर बंदी घातली. ती पुढे अनेक दशके टिकली.

त्यानंतर त्याने कॅमेरा वळवला तो स्पेनमधील लास उर्देस या अतिदरिद्री डोंगराळ भागाकडे. रामोन आसीन या अराजकतावादी मित्राला लॉटरी लागली होती; त्या पैशांतून १९३३ मध्ये हा माहितीपट तयार झाला. देशाची नाचक्की होते, या कारणावरून तत्कालीन प्रजासत्ताक सरकारनेच त्यावर बंदी आणली. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आसीन आणि लोर्का हे दोघेही फ्रँकोच्या बाजूच्या लोकांकडून मारले गेले. बुन्युएल परागंदा झाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील नोकरीही १९४३ मध्ये गेली. दालीने आपल्या आत्मचरित्रात त्याला नास्तिक म्हटल्याचे निमित्त झाले होते. सुमारे १४ वर्षे त्याच्या नावावर एकही नवा चित्रपट नव्हता.

त्याला पुन्हा उभे केले ते मेक्सिकोने. तेथील रस्त्यांवरील मुलांवर त्याने ‘लोस ओल्विदादोस’ (१९५०) काढला. गरीब म्हणजे सोशीक आणि निष्पाप, ही पडद्यावरची सोयीस्कर समजूत त्याने साफ नाकारली. यातला आंधळा भिकारीसुद्धा दुष्ट आणि विकृत आहे. मेक्सिकोत संतापाची लाट उसळली आणि काही दिवसांतच चित्रपट उतरला. १९५१ मध्ये कान महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाल्यावर मात्र मायदेशी त्याचा सूर बदलला.

१९६१ च्या ‘व्हिरिडियाना’साठी तो स्पेनमध्ये परतला. सेवाभावी नायिकेने आसरा दिलेले भिकारी ती नसताना तिच्याच घरात मेजवानी झोडतात आणि क्षणभर येशूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्रासारखे मेजाभोवती स्थिरावतात. नायिका चुलतभावाच्या खोलीत जाते आणि दार बंद होते, हा मूळ शेवट सेन्सॉरने नाकारला. बुन्युएलने निमूटपणे नवा शेवट लिहिला. त्यात ती, चुलतभाऊ आणि मोलकरीण असे तिघे पत्ते खेळायला बसतात. सोज्वळ वाटणारा हा शेवट पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक सूचक ठरला! चित्रपटाला कानचा सर्वोच्च सन्मान मिळाला, व्हॅटिकनच्या मुखपत्राने निषेध केला आणि स्पेनमध्ये तो १९७७ पर्यंत बंदच राहिला.

उत्तरायुष्यात, ऐकू येणे कमी झालेले असताना, त्याचा विनोद अधिकच शांत आणि धारदार झाला. ‘द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्ज्वाझी’ (१९७२) मधील प्रतिष्ठित मंडळींना शेवटपर्यंत एकत्र जेवणच घडत नाही. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. ‘द फँटम ऑफ लिबर्टी’ (१९७४) मध्ये पाहुणे मेजाभोवती शौचकूपांवर बसून गप्पा मारतात आणि जेवायला मात्र लाजत एका छोट्या खोलीत जातात. या चित्रपटांचा सहलेखक ज्याँ-क्लोद कारिएर याने पुढे पीटर ब्रुकच्या ‘महाभारता’ची संहिता लिहिली, हे भारतीय रसिकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

२९ जुलै १९८३ रोजी मेक्सिको सिटीत बुन्युएलचे निधन झाले. त्याचे चित्रपट प्रथमच पाहणाऱ्याने प्रतीकांचे अर्थ लावण्याची घाई करू नये. पात्रांइतक्याच गांभीर्याने प्रसंग पाहत राहावे. हसू आपोआप येते. ते क्रूर हसू नव्हे. ज्याने मित्र, मायदेश आणि उमेदीची वर्षे गमावली, त्याने खोट्या करुणेपेक्षा ते अधिक प्रामाणिक मानले होते. त्याच्या मेजवानीत प्रेक्षकासाठीही एक खुर्ची राखलेली असते, आणि तिच्यावर बसल्यावर सहजासहजी उठता येत नाही.