वाणीचा गुरू, गुलामांचा मालक : जॉन ब्रॉडस

१८६५ सालची गोष्ट. अमेरिकेतील यादवी युद्ध नुकतेच संपले होते. दक्षिण कॅरोलिनातील ग्रीनव्हिलची बाप्टिस्ट सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवणारे विद्यालय, युद्धात बंद पडली होती. ती पुन्हा उघडली तेव्हा अवघे ७ विद्यार्थी आले. प्रवचनकलेच्या वर्गात तर एकच, आणि तो दृष्टिहीन. प्राध्यापक जॉन ब्रॉडस यांनी त्या एकासाठी प्रत्येक व्याख्यान कसून तयार केले. त्या व्याख्यानांतूनच १८७० मध्ये प्रवचनाची तयारी आणि सादरीकरण यांवरचा त्यांचा ग्रंथ आला. पुढे कित्येक पिढ्यांचे धर्मोपदेशक तो अभ्यासूनच बोलायला शिकले.

एका शिक्षकाची ही निष्ठा आम्हाला मोठी वाटते. पण गोष्ट इथे संपत नाही.

ब्रॉडस यांचा जन्म १८२७ चा, व्हर्जिनियातला. व्हर्जिनिया विद्यापीठात शिकून ते शार्लट्सव्हिलला पाळक झाले. १८५९ मध्ये ही सेमिनरी सुरू झाली, तेव्हाच्या चार संस्थापक प्राध्यापकांपैकी ते एक. ज्या दक्षिणी बाप्टिस्ट संघाची ही सेमिनरी, तो संघ १८४५ मध्ये उत्तरेकडील बाप्टिस्टांपासून फुटून निघाला होता. वादाचे मूळ होते गुलामगिरी : गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचे की नाही?

ब्रॉडस स्वतः गुलामांचे मालक होते. चौघा संस्थापकांकडे मिळून ५० हून अधिक माणसे गुलाम होती. १८६३ मध्ये ब्रॉडस यांनी गुलामगिरीवादी दक्षिणेला पाठिंबा देणारे संघाचे ठराव तयार केले आणि जनरल ली यांच्या सैनिकांसमोर प्रवचने दिली.

युद्धानंतर सेमिनरी कर्जात बुडाली. १८७७ मध्ये ती केंटकीतील लुईव्हिलला हलली. १८८० मध्ये जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जोसेफ ब्राउन यांनी ५० हजार डॉलर दिले आणि संस्था तगली. या ब्राउन यांच्या कोळसा खाणींत सरकारकडून भाड्याने घेतलेले कैदी राबत. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. गुलामगिरी कायद्याने गेली होती, राबवणे गेले नव्हते.

१८८९ मध्ये ब्रॉडस सेमिनरीचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी येल विद्यापीठाने त्यांना प्रवचनकलेवरील मानाच्या व्याख्यानांसाठी बोलावले. १८९५ मध्ये, अध्यक्षपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ग्रंथानंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. ब्रॉडस त्या लोकांत नव्हते. ते समोरच्या बाजूला उभे होते.

२०१८ मध्ये सेमिनरीने स्वतःच अहवाल काढून संस्थापकांचा हा इतिहास जगासमोर मांडला. पण २०२० मध्ये इमारतींवरची त्यांची नावे कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. सत्य सांगणे एक, त्याची किंमत मोजणे दुसरे.

आपणही वक्ते घडवतो, शिबिरे घेतो, आवाज आणि मांडणी शिकवतो. ते शिकवायलाच हवे. पण एका दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी एवढी मेहनत घेणाऱ्या या शिक्षकाला स्वतःच्या घरात राबणारी माणसे माणूस म्हणून दिसली नाहीत. म्हणून मंचावर चढणाऱ्या प्रत्येकाला आपण आधी विचारू : तुझ्या शब्दांची किंमत कोण मोजतो आहे?