रॉबर्ट पी. गोल्डबर्ग

रॉबर्ट पी. गोल्डबर्ग (४ डिसेंबर, १९४४ - २५ फेब्रुवारी, १९९४) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालविण्याच्या तंत्राचा, म्हणजे आभासीकरणाचा, सैद्धान्तिक पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. हायपरव्हायझरचे ‘पहिला प्रकार’ आणि ‘दुसरा प्रकार’ हे वर्गीकरण त्यांच्या पीएच.डी. प्रबंधातून रूढ झाले. जेराल्ड पोपेक यांच्यासह त्यांनी १९७४ साली मांडलेले निकष ‘पोपेक-गोल्डबर्ग निकष’ म्हणून ओळखले जातात. आभासीकरणामुळे संगणकाच्या कामावर पडणारा जादा भार, म्हणजे ओव्हरहेड, हा प्रश्न त्यांच्या संशोधनात आणि पुढे व्यवसायातही केंद्रस्थानी राहिला.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात मोठे संगणक अतिशय महाग होते आणि एका यंत्राचा वेळ अनेकांनी वाटून घेणे भाग होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६४ पासून सीपी-४० ही प्रणाली विकसित होऊ लागली. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याला संपूर्ण संगणक आपल्या एकट्याच्या ताब्यात असल्यासारखा भासे. तिच्यातूनच सीपी-६७ आणि १९७२ साली जाहीर झालेली व्हीएम/३७० ही व्यावसायिक प्रणाली निर्माण झाली.

या व्यवस्थेचे फायदे उघड होते. नवी ऑपरेटिंग सिस्टीम तपासताना इतरांचे काम थांबवावे लागत नसे आणि एका आभासी यंत्रातील बिघाड दुसऱ्यात पसरत नसे. मात्र या सर्व यंत्रांवर देखरेख करणारा नियंत्रक प्रोग्रॅम स्वतःही प्रोसेसरचा वेळ आणि मेमरी वापरत असे. हा वेळ नेमका कशावर खर्च होतो आणि तो कमी करण्यासाठी यंत्राची रचना कशी असावी, हे प्रश्न तेव्हा अनुत्तरित होते.

संशोधनाची सुरुवात

गोल्डबर्ग यांनी १९६९ साली एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेसाठी आभासी यंत्रप्रणालींवर एक अहवाल लिहिला. त्यानंतर अशा प्रणालींसाठी हार्डवेअरमध्ये कोणते गुण असावेत, याचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली. याच काळात ते हनीवेल इन्फर्मेशन सिस्टिम्स या कंपनीशीही संबंधित होते. मार्च १९७३ मध्ये हार्वर्ड येथे आभासी संगणकप्रणालींवर झालेल्या कार्यशाळेच्या कामात त्यांचा प्रमुख सहभाग होता.

पीएच.डी. प्रबंध

आभासी संगणकप्रणालींच्या रचनातत्त्वांवरील त्यांचा प्रबंध फेब्रुवारी १९७३ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या तांत्रिक अहवालाच्या रूपानेही प्रसिद्ध झाला. नियंत्रक प्रोग्रॅम थेट हार्डवेअरवर चालत असेल तर तो पहिला प्रकार आणि एखाद्या प्रचलित ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधारे चालत असेल तर तो दुसरा प्रकार, असे वर्गीकरण त्यांनी केले. दुसऱ्या प्रकाराची उभारणी तुलनेने सोपी असते. पण अनेक कामांसाठी मधल्या ऑपरेटिंग सिस्टीमची मदत घ्यावी लागत असल्याने खर्चाचा आणखी एक थर वाढतो.

प्रबंधात त्यांनी दोन जोडण्या वेगळ्या केल्या. पहिली जोडणी आभासी यंत्राच्या आत, प्रोग्रॅम आणि त्याला दिसणारी साधने यांच्यात असते. दुसरी जोडणी आभासी साधने आणि खरी साधने यांच्यात असते. पहिल्या जोडणीत अडचण आल्यास ती आभासी यंत्रातील ऑपरेटिंग सिस्टीमनेच सोडवावी आणि केवळ दुसऱ्या जोडणीतील अडचण नियंत्रकाकडे जावी, असे हार्डवेअर त्यांनी सुचविले. त्यामुळे नियंत्रकाचा हस्तक्षेप कमी होऊन ओव्हरहेड घटतो.

पोपेक-गोल्डबर्ग निकष

जुलै १९७४ मध्ये एसीएम या संस्थेच्या नियतकालिकात पोपेक आणि गोल्डबर्ग यांचा लेख प्रसिद्ध झाला. खऱ्या आभासी यंत्राच्या नियंत्रकासाठी त्यांनी तीन अटी सांगितल्या. आभासी यंत्रातील प्रोग्रॅमचे वर्तन खऱ्या यंत्रावरील वर्तनासारखेच असावे. सर्व साधनांवर नियंत्रकाचा पूर्ण ताबा असावा. आणि बहुसंख्य आज्ञा नियंत्रकाच्या मध्यस्थीविना थेट प्रोसेसरवर चालाव्यात. तिसऱ्या अटीमुळे कार्यक्षमता हा आभासी यंत्राच्या व्याख्येचाच भाग ठरला. प्रत्येक आज्ञेचे अनुकरण करणारा प्रोग्रॅम पहिल्या दोन अटी पाळत असला, तरी या व्याख्येत बसत नाही.

यंत्राची अवस्था बदलणाऱ्या किंवा तिच्यावर अवलंबून असणाऱ्या आज्ञांना त्यांनी ‘संवेदनशील’ म्हटले. अशी प्रत्येक आज्ञा सामान्य प्रोग्रॅमने वापरताच नियंत्रण आपोआप नियंत्रकाकडे जात असेल, तर त्या संगणकासाठी नियंत्रक बांधता येतो, असे त्यांनी सिद्ध केले. पीडीपी-१० या संगणकातील एक आज्ञा ही कसोटी पूर्ण करत नाही, हे दाखवून अशा यंत्रांसाठी त्यांनी संमिश्र पद्धतीचा पर्यायही मांडला.

दुहेरी पृष्ठन

आभासी यंत्रातील ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या मेमरीतील पाने डिस्कवर हलविते आणि खालचा नियंत्रकही तेच करत असतो. दोघांना एकमेकांच्या निर्णयांची माहिती नसते. गोल्डबर्ग आणि रॉबर्ट हॅसिंजर यांनी १९७४ साली या स्थितीचे विश्लेषण केले. प्रत्यक्ष मेमरी न वाढविता केवळ आभासी यंत्राला दिसणारी मेमरी वाढविली, तर डिस्कवरून पाने आणण्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढू शकते, असे त्यांनी दाखविले. आभासीकरणाचा खर्च वापरानुसार बदलतो, हे यातून स्पष्ट झाले.

बीजीएस सिस्टिम्स

१९७५ साली जेफ्री ब्युझेन, गोल्डबर्ग आणि हॅरॉल्ड श्वेंक यांनी बीजीएस सिस्टिम्स ही कंपनी स्थापन केली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून कंपनीचे नाव ठेवण्यात आले. तिचे बेस्ट/१ हे सॉफ्टवेअर रांगांच्या गणिती सिद्धान्तावर आधारलेले होते. मोजलेल्या आकड्यांवरून, कामाचा भार वाढल्यास संगणकाचा प्रतिसाद किती मंदावेल, याचा अंदाज त्यातून बांधता येई. गोल्डबर्ग यांचे २५ फेब्रुवारी, १९९४ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी निधन झाले. १९९८ साली ही कंपनी बीएमसी सॉफ्टवेअरने विकत घेतली.

प्रभाव

गोल्डबर्ग यांच्या निधनानंतर काही वर्षांतच स्वस्त सर्व्हरच्या प्रसारामुळे त्यांचे संशोधन पुन्हा चर्चेत आले. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमधील १७ आज्ञा पोपेक-गोल्डबर्ग निकष पूर्ण करत नाहीत, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. व्हीएमवेअरने अशा आज्ञांचे चालू असतानाच भाषांतर करण्याचा मार्ग स्वीकारला होता. इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय दिली. तरीही २००६ साली व्हीएमवेअरच्या संशोधकांनी केलेल्या तुलनेत, हार्डवेअरच्या पहिल्या पिढीवर आधारलेला नियंत्रक भाषांतर करणाऱ्या नियंत्रकापेक्षा सरस ठरला नाही. कारण नियंत्रकाकडे जाण्या-येण्याचा खर्च मोठा होता. पुढे मेमरीच्या दुहेरी जोडणीसाठी हार्डवेअरची मदत मिळाली. मात्र दोन्ही बाजूंना चार पातळ्यांची पृष्ठ-कोष्टके असल्यास एका पत्त्याच्या शोधासाठी २४ पर्यंत मेमरी-वाचने करावी लागू शकतात.

ओव्हरहेड मोजताना तेच काम आधी थेट यंत्रावर आणि नंतर आभासी यंत्रात चालवून दोन्ही वेळांची तुलना करतात. उदाहरणार्थ, १०० सेकंदांच्या कामाला आभासी यंत्रात १०८ सेकंद लागले, तर ओव्हरहेड ८ टक्के होतो. केवळ आकडेमोड करणाऱ्या कामात हा फरक अल्प असतो. डिस्क, नेटवर्क आणि मेमरी यांच्यावर ताण देणाऱ्या कामात तो वाढतो. म्हणून एका कामावरून काढलेली टक्केवारी दुसऱ्या कामाला लावता येत नाही.

भारतात शासकीय सेवांसाठीची मेघराज ही क्लाउड व्यवस्था २०१४ साली सुरू झाली. भंडाऱ्यासह देशातील अनेक जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सामायिक यंत्रणेवर चालतात. अशा यंत्रणांमध्ये एका सर्व्हरवर किती आभासी यंत्रे ठेवावीत, हे ठरविण्यासाठी ओव्हरहेडचे मोजमाप आवश्यक असते.