ऑस्कर मिळाला, पण भलत्यालाच!

एकांकिका तुम्ही लिहिलीत. तिला पहिलं बक्षीसही मिळालं. आणि सर्टिफिकेटवर लेखक म्हणून नाव आलं तिसऱ्याच कुणाचं! डोकं फिरेल ना? कार्ल फोरमन या हॉलिवूडच्या पटकथाकाराच्या बाबतीत हे झालं, तेही थेट ऑस्करला.

फोरमन १९१४ साली शिकागोत जन्मले. आईवडील रशियातून आलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धानंतर ते स्टॅन्ली क्रेमरच्या छोट्या निर्मिती कंपनीत भागीदार झाले. ‘चॅम्पियन’, ‘द मेन’ असे त्यांनी लिहिलेले सिनेमे गाजले. गाडी मस्त चालली होती.

मग आलं १९५१. फोरमन ‘हाय नून’ लिहीत होते आणि त्याच वेळी अमेरिकन संसदेच्या एका समितीचं समन्स आलं. हॉलिवूडमधले कम्युनिस्ट शोधून काढणं, हे या समितीचं काम. फोरमन एकेकाळी पक्षात होते, पण तो त्यांनी केव्हाच सोडला होता. समितीला मात्र इतरांची नावं हवी होती. मित्रांची नावं सांगा आणि सुटा, असा साधा सौदा. न सांगणाऱ्याला कुठलाही स्टुडिओ काम देणार नाही.

आता ‘हाय नून’ची गोष्ट बघा. एक गुंड दुपारच्या ट्रेनने गावात येणार आहे. मार्शल मदतीसाठी दारोदार फिरतो आणि जो तो काहीतरी कारण सांगून अंग काढून घेतो. वेस्टर्न आहे, पण घोड्यांपेक्षा घड्याळंच जास्त दिसतात. लिहिणाऱ्याच्या ओळखीचे लोकही तेव्हा असेच एकेक करून मागे सरकत होते, हे माहीत असेल तर सिनेमा वेगळाच दिसतो. (जेमतेम दीड तासाचा आहे, नक्की बघा.)

शूटिंग चालू असतानाच, सप्टेंबरमध्ये, फोरमन समितीपुढे उभे राहिले. त्यांनी एकही नाव दिलं नाही. क्रेमरशी भागीदारी तुटली. पटकथाकार म्हणून नाव राहिलं, सहयोगी निर्माता म्हणून असलेलं मात्र गेलं. १९५२ मध्ये सिनेमा आला, त्याने चार ऑस्कर मिळवले आणि फोरमननी लंडन गाठलं.

तिथे त्यांनी ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ लिहायला घेतला. पुढचं काम मायकल विल्सननी केलं. तेही काळ्या यादीतलेच! मग पडद्यावर नाव कुणाचं? मूळ कादंबरीकार पिएर बूल यांचं. १९५८ मध्ये पटकथेचा ऑस्करही त्यांनाच मिळाला. गंमत म्हणजे हे फ्रेंच गृहस्थ इंग्रजीत लिहीतच नसत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कुणीच नाही.

फोरमन रडत बसले नाहीत, हे मला जास्त आवडतं. १९६१ चा ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ त्यांनी लिहिला आणि निर्माताही तेच होते. या वेळी दोन्हीकडे स्वतःचं नाव! सिनेमा तुफान चालला. पुढे ‘यंग विन्स्टन’ही केला आणि १९७० च्या दशकात ते अमेरिकेत परतले.

‘क्वाय’चा हिशेब मात्र १९८४ पर्यंत राहिला. त्या वर्षी अकादमीने फोरमन आणि विल्सन यांना ऑस्कर द्यायचं ठरवलं. विल्सन १९७८ मध्येच गेले होते आणि फोरमन त्याच वर्षीच्या जूनमध्ये गेले. ट्रॉफी घ्यायला आल्या त्या दोघांच्या पत्नी. सिनेमाच्या दुरुस्त केलेल्या प्रतीत आता श्रेयनामावलीत दोघांची नावं आहेत.