लष्करी न्यायालयापुढचा नागरिक : त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा

चांदर येथे २ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले कुन्हा पॅरिसमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकून गोव्यात परतले आणि १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. आसामच्या चहामळ्यांत नेल्या जाणाऱ्या कुणबी मजुरांसाठीही ते झगडले. डॉ. लोहियांच्या १८ जून १९४६ च्या मडगाव सभेनंतर त्यांना अटक झाली. ते सैनिक नव्हते. तरीही खटला लष्करी न्यायालयापुढे चालला. सभा आणि लेखन यापलीकडे गुन्हा तो कोणता? शिक्षा मात्र आठ वर्षांची. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, तेव्हा कुन्हा पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात बंदिवान होते. सुटकेनंतरही त्यांना मायदेशी परतण्याची मुभा नव्हती. १९५३ साली ते निसटले आणि पॅरिसमार्गे मुंबईस पोहोचले.

दरम्यान पोर्तुगालने १९५१ साली घटनादुरुस्ती करून वसाहतींना सागरापलीकडील प्रांत असे नाव दिले होते. नाव बदलले की जगाला जाब देण्याचे टळते, असा तो हिशेब. आमसभेने १५ डिसेंबर १९६० रोजी तो अमान्य केला आणि गोवा हा स्वशासन नसलेला प्रदेश ठरला. कुन्हा २६ सप्टेंबर १९५८ रोजीच मुंबईत निवर्तले होते.